तिवडा डाव्या हाताला

५ नोव्हेंबर १९७८, रविवार. स्कूटरचा प्लग काढून मागच्या ओट्यावर काचकागदाने घासते आहे. गेले चार दिवस गाडी तिसऱ्या-चौथ्या किकला सुरू होते आणि मला पहिल्या किकची सवय आहे. समोर खळं सारवून ठेवलंय. परवापर्यंत तिथे गुडघाभर गवत होतं. ते खरवडून, पाणी मारून, जमीन चोपून वर शेणाचा हात फिरवलाय. आता ते परातीसारखं गोल आणि सपाट दिसतंय. उद्या त्याच्या मधोमध तिवडा उभा राहील. तिवडा म्हणजे खळ्यातला खांब. मळणीचे बैल त्याच्याभोवती फिरतात. कडेने भाताच्या भाऱ्यांची उडवी रचलेली आहे आणि तिच्यातून तो वास येतोय, अर्धा उन्हाचा, अर्धा ओल्या गवताचा.

या वासाला पेट्रोलचा वास जोडला की माझं १९७३ साल तयार होतं. आज हाताला पेट्रोल आहेच.

धाकटी जाऊ कुंदा सुपात तांदूळ घेऊन शेजारी निवडत बसली होती. दोन वर्षं झाली तिला या घरात येऊन. फारशी बोलत नाही, पण बोलायचं असलं की आधी खडे वेचायचं थांबवते. ती थांबली.

"ताई, मला शिकवाल?"

"काय?"

तिने हनुवटीने स्कूटर दाखवली.

"भावजींना सांग की. त्यांना येते."

"ते म्हणाले शिकवतो. पण मला तुमच्याकडूनच शिकायचंय."

"बघू," म्हटलं मी आणि प्लगवर फुंकर मारली. बघू म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. पण आधी पाच वर्षांपूर्वीचा तो हंगाम एकदा नीट आठवून घ्यावा, असं वाटलं. शिकवायचं तर आपण कुठे चुकलो ते आधी माहीत हवं.

स्कूटर तेव्हा दुकानातून विकत मिळत नसे. नंबर लावावा लागे आणि नंबर कित्येक वर्षांनी येई. आमच्या सासऱ्यांनी, बाबांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून एकदम तीन नावांनी नंबर लावून ठेवले होते. दोन मुलगे आणि मी. माझं नाव कशाला, तर नावं जितकी जास्त तितकी गाडी लवकर. शेताच्या बांधावर जास्तीची काठी रोवून ठेवावी तसं माझं नाव. मी सही केली आणि विसरून गेले. त्या काळी आमच्या टेमघर गावातल्या बऱ्याच घरांत सुनांच्या नावाने नंबर होते. कार्ड आलं की सून सही करायची आणि गाडी दिराची, नवऱ्याची किंवा गिऱ्हाइकाची व्हायची.

त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात कार्ड आलं ते माझ्या नावाचं. दोन्ही भावांच्या आधी.

गाडी फिकट निळी होती. दारात उभी केली तेव्हा शेजारच्या बाया नारळ घेऊन आल्या. तिची चाकं बघून बाबा म्हणाले, "एवढीशी चाकं? ही काय, पोराच्या गाड्याची हायेत." मला मात्र पहिल्यांदा आवडली ती चाकंच. सायकल किंवा मोटरसायकल बाईमाणसाकडे वरून बघते. ही गाडी बुटकी होती, पाय खाली टेकत होते, पुढे पाय ठेवायला घडवंचीसारखी सपाट जागा. साडी नेसून नीट बसता येईल अशी. ज्याने कुणी ती बनवली, त्याने बाईचा विचार केला नसणार, पण झालं तसं.

गाडी माझा दीर मधू चालवणार, हे न बोलताच ठरलेलं होतं. मधूभावजी तेव्हा कोन गावच्या नाक्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रक भरून घेण्याच्या कामावर होते. लग्न व्हायचं होतं. मित्रांच्या गाड्या चालवून हात बसलेला. त्यांनी आल्याआल्या आरशाला लाल रिबीन बांधली.

त्याच आठवड्यात महिला मंडळाच्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. दापोड्याला शिवणवर्ग काढायचा होता, एक जानेवारीपासून, दुपारी दोन ते पाच. शिकवायला मी येईन का? मी आठ वर्षं घरी बसून परकर-पोलकी शिवत होते, शिवणाची परीक्षा दिली होती, सर्टिफिकेट ट्रंकेत होतं. अडचण एकच. दापोड्याहून परतीची एसटी चारला, त्यानंतर एकदम सातला. म्हणजे वर्ग अर्धा टाकून या, नाहीतर रात्री घरी या. दोन्ही चालणारं नव्हतं. माझ्या आधी दोघींनी याच कारणाने नाही म्हटलं होतं.

मी म्हटलं, "येते."

रात्री जेवताना बाबांना सांगितलं.

"दापोड्याला? रोज?" बाबा म्हणाले. "आन् सातच्या यष्टीनं येशील तं चूल कोन बघंल?"

"पाचला वर्ग सुटेल. साडेपाचला घरी."

"कशी?"

"गाडीने."

"कुठची गाडी?"

"माझ्या नावावर आलीय ती."

मधूभावजींना ठसका लागला. माझा नवरा पानातलं वरण बघत बसला. त्यांचा स्वभाव तसाच. ते लूमच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेली यंत्रं लावून द्यायचे; मशीन काय म्हणतं ते ऐकल्याशिवाय हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. वरण भातावर ओढून ते म्हणाले, "नाव तर तिचंच आहे, बाबा."

"नावाचं काय घेऊन बसलास? नाव ढोरालाबी असतं."

"वहिनी, चालवून दाखवा, लगेच देतो," भावजी म्हणाले. "रिबीनसकट."

बाबांना घरात भांडण नको होतं. ते हात धुवायला उठले आणि जाताजाता निवाडा देऊन गेले. "साल सरायच्या आत ज्याच्या हातात लायसन, गाडी त्याची. आता माझं डोकं खाऊ नका."

भावजींकडेही लायसन नव्हतं. कुणाकडेच नसायचं. ठाण्याचे परीक्षक साहेब महिन्यातून एकदा भिवंडीला कॅम्पला यायचे, मैदानात चाचणी घ्यायचे. साल सरायच्या आत दोन कॅम्प होते. एक नोव्हेंबरात, एक डिसेंबरात.

शिकायला जागा हवी होती. रस्त्यावर सगळं गाव बघणार. तेव्हा मला खळं सुचलं. रोजची मळणी चार वाजता संपायची, बैल सोडले जायचे, भात भरून न्यायचे. मग खळं रिकामं. जमीन कडक, सपाट, आणि कडेने सगळा पेंढा. पडले तरी गादीवर.

बाबांनी दोन अटी घातल्या. भातावर पेट्रोल सांडायचं नाही. आणि दुसरी: "तिवडा डाव्या हाताला. बैल फिरतात तसंच फिरायचं. उलटं फिरायचं न्हाय. आलेली लक्ष्मी माघारी जाते."

माझा त्यावर विश्वास होता की नव्हता, याला महत्त्व नव्हतं. खळं बाबांचं होतं.

हे पहिल्या पाळीहून आले की मला शिकवायचे. त्यांच्या अंगाला सुताला लावतात त्या सायझिंगच्या कांजीचा आंबूस वास आणि केसांत कापसाचे तंतू. ते मला लूमच्या भाषेत सांगत. "क्लच हळू सोड. लूम सुरू करतो तसा. झटका दिलास की धागा तुटला." माझे पहिल्या दिवशी अकरा धागे तुटले. गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. किक मारून मारून पोटरी सुजली. गिअर डाव्या मुठीत, क्लचही डावीकडे, रेस उजव्या मुठीत, ब्रेक उजव्या पायाखाली. शिवणयंत्रावर हातपाय वेगवेगळं काम करतात, त्याचा उपयोग झाला. चौथ्या दिवशी गाडी न अडखळता तिवड्याभोवती फिरली. त्या दिवशी मी थांबलेच नाही. कसं थांबायचं ते आठवेना, हे एक. आणि थांबावंसं वाटेना, हे दुसरं.

काय मजा होती त्यात, याचा मी आज पाच वर्षांनी प्लग घासताना विचार करून बघते. वेग तर बैलगाडीपेक्षा जरासाच जास्त. पण वारा आपण केलेला. आपण मूठ पिळली की तो येतो, सोडली की जातो. छत्तीस वर्षांत माझ्या अंगाला लागलेला प्रत्येक वारा आपल्या मर्जीने आला होता.

दोन आठवड्यांत मी वीस-वीस फेरे मारू लागले. पेंढ्यात फक्त तीनदा पडले. मग हे मागे बसायचे आणि आम्ही गावात जायचो.

गाव म्हणजे भिवंडी, आणि भिवंडी तेव्हाही कानांनी ओळखायची. गल्लीच्या तोंडाशी गेलं की लूमचा खडखडाट समोरून अंगावर येई. पायी चालताना तो नुसता आवाज असायचा. स्कूटरवरून जाताना कळलं की प्रत्येक गाळ्याची लय वेगळी आहे. एकातून निघून दुसऱ्यात शिरलं की ताल बदलतो, आणि दोन गाळ्यांच्या मधल्या भिंतीपाशी क्षणभर आपल्या गाडीचा आवाज ऐकू येतो. फटफट, एकटी, पण आहे. पाळी सुटलेले कारागीर बाजूला व्हायचे. "अरे हटो, बाई आ रही है," कुणीतरी ओरडायचं, आणि लगेच दुसरा, "बाई, ब्रेक है ना?"

"है," मी सांगायची. "लगाने का टाइम नहीं आया."

ती लहान चाकं खड्ड्याला फसत नसत, खड्ड्यात उतरत. मोठं चाक खड्डा ओलांडून जातं. त्याला रस्ता अर्धाच कळतो. लहान चाकाला सगळा कळतो. कल्याण रोडवरचा प्रत्येक दगड मला कंबरेने पाठ झाला. आणि तेवढ्याच रस्त्यासाठी लहान चाकाला जास्त फेरे घालावे लागतात. ते घालतं. कुरकुर करत नाही. मला हा गुण पटला.

एके दिवशी आम्ही मंडईत जायला निघालो आणि तलावापाशी पोचलो.

"विमल," मागून हे म्हणाले, "मंडई राहिली ना मागे?"

"फेरी मारली जरा."

पुढे पुन्हा एक डावं वळण, पुन्हा एक. मंडई आली. हे उतरले, पिशवी हातात घेतली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. यंत्राकडे बघतात तसे.

"तुला उजवीकडे वळता येत नाही."

"येतं," मी म्हटलं. "गरज पडली नाही."

गरज पडली नव्हती, कारण मी पडूच देत नव्हते. खळ्यात तिवडा कायम डाव्या हाताला. अंगाला तेवढंच वळण माहीत. उजवीकडे वळायचं म्हणजे आधी उजवा हात बाहेर काढून खूण करायची, आणि रेस तर त्याच हातात. शिवाय इंजिन उजव्या अंगाला. त्या बाजूला झुकलं की वाटायचं, गाडी आता आडवी होऊन माझ्यावर येणार. म्हणून मी हिशेब काढला होता: तीन डाव्यांची एक उजवी. रस्ता लांब पडतो, पण पोचतो.

फक्त एका ठिकाणी हा हिशेब बसत नव्हता. टेमघरहून दापोड्याला जाताना गावाच्या टोकाला डावीकडे वळायचं. म्हणजे येताना उजवीकडे. तिथे आजूबाजूला गल्ल्या नव्हत्या, नुसती भातशेतं. मी दापोड्याला जाऊ शकत होते. परत येऊ शकत नव्हते.

यांनी हे बोलून दाखवलं. मी म्हटलं, "होईल." हट्टीपणाचा मला उपयोग बराच झालाय, तोटाही झालाय. तेव्हा तोटा झाला.

नोव्हेंबरच्या कॅम्पला मी गेले. मैदानात चाळीसेक पुरुष आणि मी. भावजी गंमत बघायला आले होते. त्यांचं शिकाऊ लायसन अजून व्हायचं होतं, म्हणून त्यांची चाचणी पुढच्या महिन्यात. साहेब खुर्चीवर बसलेले, समोर मैदानात अंतरावर दोन दगड ठेवलेले. दगडांभोवती आठ काढायचा, पाय न टेकता. मी किक मारली, पहिल्या दगडाला वळसा घातला. डावा. सुबक. मग दुसऱ्या दगडाशी आले आणि अंग वळेना. हातांनी नाही म्हटलं. मी सरळ गेले, लांबून फिरले आणि दुसऱ्या दगडालाही डावा वळसा घालून साहेबांसमोर येऊन थांबले.

साहेबांनी पेन टेकवलं. "बाई, मी आठ म्हणालो. तुम्ही दोन शून्यं काढलीत."

"साहेब, उजवीकडे वळायला अजून जमत नाही."

"मग घरी कशा जाणार?"

"तीनदा डावीकडे वळून."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. बाकीचे चाळीस जण हसले. "पुढच्या महिन्यात या," साहेब म्हणाले, "दोन्ही हात घेऊन."

घरी येईपर्यंत गोष्ट माझ्या पुढे पोचली होती. भावजींनी चहा पिताना बाबांना ती साग्रसंगीत सांगितली. "वहिनींना लायसन द्यायला हवं, बाबा. अर्धं. डाव्या बाजूचं." बाबाही हसले. मी कपबशा उचलल्या. राग आला होता, पण तो भावजींवर नव्हता. दापोड्याच्या चौदा बायकांनी नावं दिली होती. त्यांतल्या दोघी बाळंतपणाला माहेरी आलेल्या, एकीला नवऱ्याने टाकलेलं. त्यांना मी येते म्हणून सांगून बसले होते, आणि मला एक वळण येत नव्हतं.

खळ्यात उलटं फिरायला बाबा देणार नव्हते. मैदानात पोरांचे खेळ. रस्त्यावर धीर होईना. दोन दिवस नुसता विचार केला. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता, गावदेवीला गेले. देवीला नमस्कार केला, प्रदक्षिणेला निघाले आणि अर्ध्यावर थांबले.

देवी उजव्या हाताला होती.

जन्मभर प्रदक्षिणा घालत होते. देव कायम उजव्या हाताला. म्हणजे उजवं वळण माझ्या पायांना माहीत होतं, फक्त चाकांना सांगायचं राहिलं होतं. आणि देवळाभोवती गाडी जाईल एवढी मोकळी, चोपलेली वाट होती. बाबांना इथे काय म्हणता येणार होतं?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला गाडी घेऊन देवळात. पहिल्या दिवशी पाय टेकत टेकत, घोरपडीसारखी. पुजाऱ्याची म्हातारी आई, जनाआजी, पायरीवर शेकोटी करून बसायची. तिने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "बाय, नवस केलास काय?"

"हो आजी," मी म्हटलं. तसं बघितलं तर खोटं नव्हतं.

"कितीचा?"

"जमेपर्यंतचा."

"असा नवस नसतो. आकडा पायजे. एकशे आठ घाल." आणि तिने कनवटीची चिंचोक्यांची पुरचुंडी काढली. मी एक फेरा मारला की ती एक चिंचोका या बाजूचा त्या बाजूला टाकी. "सत्तावीस," ती मोठ्याने सांगायची. "अडतीस. बाय, जरा लांबून फिर, देवीच्या तोंडावर धूर जातोय." मी लांबून फिरायची. मग थोडी आत यायची. मग आणखी आत. दहाव्या दिवशी मी देवळाच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावरून, उजवा हात बाहेर काढून, पाय न टेकता वळत होते. जनाआजी मात्र अजून मोजत होती. तिचे आकडे मधेच कुठे तरी सांडायचे आणि पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. मला घाई नव्हती.

गावात बोललं जाऊ लागलं की विमल गाडीवरून नवस फेडते. दोघीतिघींनी मला गुपचूप विचारलं, कशाचा. बाबांच्या कानावर गेलं. ते एका पहाटे येऊन देवळापाशी उभे राहिले, देवीला हात जोडले, माझे चार फेरे बघितले. मग म्हणाले, "इथं चालतं," आणि गेले.

डिसेंबरच्या कॅम्पच्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. थंडी होती. चोक ओढला, प्लग काढून पुसला, रिझर्व्हची चावी फिरवली. तीस किका मारल्या. हे पहिल्या पाळीला गेलेले. मैदानात नऊला हजर राहायचं होतं, साडेआठ होत आले. भावजी मित्राची गाडी घेऊन निघाले होते. त्यांचीही चाचणी त्याच दिवशी. फाटकापर्यंत गेले, मागे वळून माझ्याकडे बघितलं.

जायचं होतं तर जाऊ शकत होते. मी पोचले नाही तर गाडी त्यांची, एवढं सरळ होतं.

त्यांनी मित्राची गाडी उभी केली, परत आले, माझ्या हातातून हँडल घेतलं. "वहिनी, हिला झोपवावी लागते," म्हणाले आणि गाडी उजव्या अंगावर पार तिरकी केली, जमिनीला टेकेल इतकी. तशीच क्षणभर धरली. पेट्रोल आत खळखळलेलं ऐकू आलं. उभी केली, किक मारली. पहिल्या किकला सुरू.

"चला," म्हणाले. "उशीर केलात तर म्हणाल, मीच काही तरी केलं."

मैदानात त्यांचा नंबर माझ्या आधी होता. त्यांनी आठ झोकात घेतला, एका हाताने, बघणाऱ्यांसाठी. दुसऱ्या दगडापाशी मागचं चाक मातीवर सरकलं आणि डावा पाय खाली टेकला. टेकला म्हणजे नुसता शिवला. पण साहेबांनी बघितला. "पुढच्या महिन्यात," साहेब म्हणाले.

मग मी. पहिला दगड म्हणजे तिवडा. दुसरा दगड म्हणजे देवी. डावीकडून बैल, उजवीकडून नवस. एवढंच मनात होतं. साहेबांसमोर येऊन थांबले तेव्हा त्यांनी वहीत बघून विचारलं, "तुम्हीच ना त्या, दोन शून्यांच्या?"

"हो."

"आठ झाला," ते म्हणाले आणि सही केली.

घरी निघाले तर आरशाची लाल रिबीन भावजींनी आधीच सोडून घेतली होती. "ही माझी," म्हणाले. "गाडी तुमची." त्यांना लायसन जानेवारीत मिळालं, आणि त्यांच्या नावाचा नंबर दीड वर्षाने आला. तोवर माझीच गाडी मागून न्यायचे. मी देत असे. पेट्रोल भरून आणा, एवढं सांगून.

एक जानेवारीला मी दापोड्याला गेले. पायांमध्ये हाताने फिरवायचं शिवणयंत्र, पुढच्या खिशात कात्री आणि टेप. येताना त्या वळणावर हात बाहेर काढला. मागून गवताची बैलगाडी येत होती, गाडीवान थांबला. त्याला काय, बाई हात दाखवतेय, थांबायला हवं. मी वळले. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, खुंटांवर बगळे, समोर टेमघरकडे जाणारा रस्ता. साडेपाचच्या आधी घरी. चूल मीच पेटवली.

त्यानंतरचा तो सगळा हिवाळा मी गाडीवर काढला, असं आठवतं. तसं खरं नसणार. दळणं, धुणी, सणवार सगळं झालंच असेल. पण आठवतं ते असं: तीन बत्तीच्या चौकात घेतलेली गरम शेंगदाण्यांची पुडी पुढच्या खिशात टाकायची आणि वळणावळणावर एक एक खायचा. कोनच्या खाडीकडून येणारा सुक्या मासळीचा वास बाजूने न येता थेट समोरून यायचा. महिला मंडळाच्या बाई मागे बसल्या की माझा खांदा इतका घट्ट धरायच्या, की घरी येऊन तेल लावावं लागे. "विमलताई, हळू," त्या म्हणायच्या. "हळूच आहे, बाई. रस्ता उडतोय." कधी कधी काम नसतानाही मी कल्याण नाक्यापर्यंत जाऊन येई. यांनी विचारलं, कुठे गेली होतीस, तर सांगायची, इंजिन गरम करून आणलं. ते लूमवाले; त्यांना पटायचं.

आता दापोड्याच्या रस्त्यावर ट्रक वाढलेत. शेतांच्या जागी गोदामांचे पत्रे दिसू लागलेत. त्या वळणावर हात दाखवला तर मागचा थांबेलच असं नाही, आरशात बघावं लागतं. वर्ग चालू आहे. पहिल्या चौदांपैकी नऊ जणी अजून शिवतात, एकीने कोनला स्वतःचं दुकान काढलंय. यंत्र बदललं, गाडी तीच. इंजिन एकदा उघडावं लागलं, सीटचं कव्हर मीच दोनदा शिवलं.

प्लग बसवला. पहिली किक, सुरू. संध्याकाळी भावजी घरी आले तेव्हा कुंदाने त्यांच्यासमोरच विषय काढला.

"मी शिकवतो म्हणतोय ना," भावजी म्हणाले. "वहिनींनी शिकवलं तर तू बैलासारखी फिरशील."

"आणि तुम्ही शिकवलं तर पाय टेकीन," कुंदा म्हणाली.

बाबांनी विडी विझवली. आता ते थकलेत, ऐकूही कमी येतं, पण हवं ते येतं. "खळ्यावर शिकवायचं असंल तं मळणीआधी शिकवा," म्हणाले. "आन् तिवडा डाव्या हाताला."

सोमवारी सकाळी सहाला उठले. बाबांनी आणि भावजींनी पहाटेच तिवडा उभा केला होता, हळदकुंकू लावून. मी पहार घेतली, तिवड्यापासून दहा पावलं मोजली आणि दुसरा खड्डा खणला. त्यात मांडवाचा जुना बांबू उभा केला, दगड ठोकून घट्ट केला.

बाबा ओट्यावरून बघत होते. "एका खल्याला दोन तिवडे? कुठं बघितलंस?"

"हा तिवडा न्हाय, बाबा. हा बांबू हाय."

"मंग याला उलटं फिरलं तं चालतं?"

"याला तसंच फिरतात."

त्यांनी ओट्यावरून उतरून बांबू हलवून बघितला. मग म्हणाले, "बैल यायच्या आत आटपा."

कुंदाने पदर खोचला, गाडीवर बसली, हँडल दोन्ही हातांनी धरलं. तिचं तोंड तिवड्याकडे होतं. मी पुढचं चाक धरून गाडी बांबूकडे वळवली.

"किक मार," म्हटलं. "आधी उजवीकडे."